नवमीचं पान

पद्मनाभरावांनी तुपाची वाटी अशी आपटली की अर्धं तूप जमिनीवर सांडलं.

"या पंगतीत तू बसायचं नाहीस," ते वेदश्रीला म्हणाले.

पाटावर शेजारच्या कानडी अंबूताई अवघडून बसल्या होत्या. आज अविधवा नवमी. अहेवपणी गेलेल्या त्यांच्या पत्नीच्या, शालिनीबाईंच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची, ती जेवली की गेलेली तृप्त होते. पद्मनाभरावांनी अंबूताईंच्या पायांवर पाणी घातलं होतं, साडी दिली होती आणि हात जोडून "शालिनी, पोटभर जेव," असंही म्हणून झालं होतं.

आईच्या दिवसाला जेवायला म्हणून वेदश्री हुबळीहून आली होती. मार्चमध्ये तिनं बाप्तिस्मा घेतला, आणि तेव्हापासून बापलेकीत धड बोलणं नव्हतं. आता उंबऱ्याशीच जुंपली. चौतीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवलेला माणूस, तो कसला गप्प बसतोय! येशू होऊन गेला, हे आपण कधीच नाकारलं नाही, ते म्हणाले. नाझरेथचा सुतार, रोमन सुभेदारानं क्रुसावर मारलेला. त्याचा देव झाला तो तीनशे वर्षांनी, बादशहानं भरवलेल्या धर्मसभेत.

वेदश्रीही त्यांचीच लेक. लोक आधीपासून मानत होते म्हणून तर सभेत भांडण झालं, ती म्हणाली. प्रेषित पौलाची पत्रं येशूच्या मरणानंतर वीस-पंचवीस वर्षांतली, आणि त्यांत त्याला प्रभू म्हटलेलंच आहे.

"प्रभू काय, रोमन लोक बादशहालासुद्धा देवपुत्र म्हणत."

"बादशहाला कुणीही म्हणेल, अण्णा. गुन्हेगार म्हणून मारलेल्याला म्हणायला छाती लागते."

पद्मनाभरावांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. इतकी वर्षं पुरावा म्हणजे काय ते हिला शिकवलं, आणि ही आपल्यालाच धडे देतेय! संतापानं त्यांचा आवाज चिरकला. आईची आठवण काढायला आलीस की माझं नाक कापायला, असंही ते बोलून गेले. वेदश्रीचे डोळे भरले, पण ती हलली नाही.

"साधं हाडामांसाचं माणूस," ते गरजले, "चार जणांनी मानलं म्हणून दुसरंच कुणी होतं का?"

"साकु, सर. पुरे झालं," अंबूताई म्हणाल्या. त्यांनी घासासाठी नेलेला हात मागे घेतला. "मग मी उठते."

"अहो, तुम्ही कशाला उठताय?"

"मी साधी अंबूच ना? घरी माझा स्वयंपाक झालेला आहे. आणि अंबू नसेन, तर माझ्या पोरीचं पान मांडा. ती उपाशी उभी असताना माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

सवाष्ण पाटावरून उपाशी उठली तर कोण उपाशी जाणार, हे पद्मनाभरावांना कुणी सांगायला नको होतं. राग तर तसूभर उतरला नव्हता. धुसफुसतच ते आत गेले, केळीचं पान आणलं आणि अंबूताईंच्या शेजारी टाकलं. वेदश्री डोळे पुसत बसली. त्यांनी मीठ वाढलं, कोशिंबीर वाढली, वरणभात वाढला. कुणाकडे बघायचं नाही हे त्यांनी ठरवलेलंच होतं.

अंबूताईंनी पहिला घास घेतला, मग वेदश्रीनं.

भाताचं पातेलं घेऊन ते दोघींसमोर उभे राहिले.

"विचार तुझ्या आईला," ते लेकीला म्हणाले, "आणखी भात वाढू का."