बिनछऱ्याचा बार

"आप्पा, बंदूक काढ."

ज्ञानू दारातूनच म्हणाला. हातात काठी होती आणि धाप लागलेली. आप्पासो सोप्यात बियाण्याच्या शेंगा फोडत बसला होता.

"काय झालं?"

"पिसाळल्यालं कुत्रं शाळंत शिरलंय. पाण्याच्या टाकीखाली बसलंय. सकाळधरनं दोघांस्नी फोडलंय त्यानं. मास्तरनं पोरं वर्गात कोंडल्यात, पर एका खोलीला दार न्हाय. माझी नात राजनंदिनी त्याच खोलीत हाय."

"कुत्री धरणाऱ्यांची गाडी?"

"कोल्हापुरातनं निघालीया म्हणत्यात. कवा पोचायची? ऊठ की."

आप्पासो उठला. नाही म्हणायला त्याच्याकडे सांगण्याजोगं कारणच नव्हतं. कोडोलीच्या रस्त्यावरच्या त्या गावात बंदूक होती ती एकट्या त्याच्याकडे. ठासणीची, वडिलांच्या वेळची. शेतीच्या राखणीचा परवाना त्यांच्या मागे त्याच्या नावावर झाला होता. पन्हाळ्याच्या अंगाने उसात डुकरं उतरली की शिवारातून आप्पासोला सांगावा यायचा. तो बांधावर उभा राहून एक बार काढायचा आणि डुकरं जी पळायची ती महिनाभर फिरकायची नाहीत. तीस वर्षांत एक डुक्कर मेलेलं कुणी पाहिलं नव्हतं, पण त्याचाही अर्थ गावाने आपल्या सोयीने लावला होता. आप्पा पडला जैनाचा, मेलेलं जनावर त्याला बघवत नाही, म्हणून तो मुद्दाम शेपटीला चाटून जाईल असा नेम धरतो. केवढा नेम म्हणायचा!

खरी गोष्ट अशी होती की आप्पासो बंदुकीत छर्रे घालतच नव्हता. नळीत दारू ओतायची, वर चिंधी ठासायची आणि आवाज काढायचा. वडील वारले त्या वर्षी त्याने बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, व्रत घेतलं होतं की जाणूनबुजून जीव मारणार नाही. हे दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि त्याच्या बायकोला, राजमतीला. गावाला सांगायला काही हरकत नव्हती. पण नेमबाज म्हणवून घ्यायला कुणाला आवडत नाही? त्यालाही आवडत होतं. वर्षं गेली तशी सांगायची लाजही वाटायला लागली.

राजमती चुलीपुढून उठून आली. त्याने दारूचा डबा काढला, नळीत ठासलं, घोड्याखाली बार पेटवणारी टोपी बसवली. छर्रे घातले नाहीत, हे तिने पाहिलं.

"आवाजानं पळंल," तो तिला हळूच म्हणाला.

"डुकरं पळत्यात," ती म्हणाली.

वाटेत ज्ञानूची टकळी चालूच होती. घाबरला की तो फार बोलायचा.

"त्या पिच्चरमधल्या गड्यागत झालं बघ तुझं. आठवतोय का? कॉलेज बुडवून गेलतो सकाळच्या खेळाला."

आप्पासोला चांगला आठवत होता. इंग्रजी सिनेमा, एक अक्षर कळलं नव्हतं, पण गोष्ट समजली होती. बंदूक खुंटीला अडकवून शेती करत बसलेला एक माणूस. गावात गुंड येतात, गाव त्याच्या हातापाया पडतं. तो नको नको म्हणतो आणि शेवटी बंदूक उचलतो. तेव्हा थेटरात शिट्ट्यांनी कान किटले होते. शेवटचा गुंड पडला तसा ज्ञानू एसटी चुकेल म्हणून उठून पळाला. आप्पासो मात्र दारात थांबून बघत राहिला. पडद्यावर तो माणूस घोड्यांच्या पाण्याच्या डोणीत हात धूत होता, आणि ज्यांनी त्याला बोलावलं होतं ते एकेक करून आपली दारं लावून घेत होते. आप्पासोने हे ज्ञानूला पुढे कधी सांगितलं नाही.

शाळेच्या फाटकाबाहेर गाव जमलं होतं. निम्म्यांच्या हातात मोबाइल. सरपंच विश्वजित पुढे आला.

"काका, एकाच बारात बसवा. पोरांच्या खोलीकडं जाऊ देऊ नका."

तांबूस रंगाचं कुत्रं टाकीच्या सावलीत उभं होतं. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. ज्ञानू काठी घेऊन बिनदाराच्या खोलीपुढे जाऊन उभा राहिला. आप्पाचा नेम असल्यावर त्याला कशाची भीती? आप्पासोने कुत्र्याच्या डोक्यावरून नळी धरली आणि चाप ओढला.

दणका झाला. धूर पसरला. कुत्रं पळालं नाही. आवाजाने चवताळून ते सरळ समोर सुटलं, आणि समोर ज्ञानू होता. काठी उचलायच्या आत त्याला खाली पाडून ते त्याच्या गालाला लोंबकळलं. विश्वजितने फेकलेला दगड वर्मी बसला तेव्हा ते सुटलं आणि खोलीच्या पायरीपाशी जाऊन गुरगुरत उभं राहिलं. आतली पोरं किंचाळत होती.

"नेम कसा चुकला, आप्पा?" गालावर हात दाबून ज्ञानू विचारत होता. बोटांमधून रक्त गळत होतं. "तुझा नेम कसा चुकला?"

"नेम न्हाय चुकला," आप्पासो म्हणाला. "छर्रेच न्हवते. कवाच नसत्यात."

ज्ञानूचा गालावरचा हात खाली आला.

पुन्हा दारू ठासायला आप्पासोचे हात चालले, पण ठासून करायचं काय? तेवढ्यात कुणीतरी त्याचा दंड धरला. मागोमाग आलेली राजमती होती. पदराआडून तिने तंबाखूची जुनी डबी काढली.

"मामंजींचं छर्रं हायत. हिरीत टाकलं म्हणून सांगितलं हुतं तुमास्नी. टाकलं न्हवतं."

मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालणारी बाई. तिने स्वतः त्याच्या तळहातावर छर्रे ओतले. आप्पासोने ते नळीत सोडले, गजाने ठासले, पायरीपासून दहा पावलांवर गेला आणि गुडघा टेकला. कुत्रं त्याच्याकडे बघत होतं. तो त्याचा डोळा चुकवू शकला नाही.

बार झाला आणि कुत्रं आडवं झालं. टाळ्या वाजल्या, कुणी शिट्टी मारली. विश्वजितने ज्ञानूला गाडीत घालून कोल्हापूरला नेलं. बाकीचे मोबाइलवर आपापलं चित्रण बघत पांगले. कुत्रं ओढून नेऊन पुरायला कुणी थांबलं नाही. ते आप्पासोनेच पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बस्तीत गेला, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. उपाध्ये पूजा आटोपून बाहेर आले. त्यांच्या कानावर सगळं आलेलं होतं.

"आत ये, आप्पासो. लेकरं वाचवायला केलंस. ही काय संकल्पी, मुद्दाम ठरवून केल्याली हिंसा न्हवं."

"नेम धरून मारलंय, उपाध्ये. मरावं म्हणूनच मारलंय."

"मग प्रायश्चित्त घे. उपास सांगतो तुला."

"कशाचं घिऊ? पयला बार मोकळा हुता, त्यानं माणूस फाडला. दुसरा भरल्याला हुता, त्यानं जीव गेला. ह्यातलं पाप कुठलं?"

उपाध्येंनी खांबाला हात टेकला.

"दुसऱ्या बाराचे उपास मी सांगीन," ते म्हणाले. "पयल्याचं ज्ञानूला विचार."

आप्पासो तसाच, पाणीही न घेता, एसटीने कोल्हापूरला गेला. इस्पितळात वॉर्डाच्या दाराशी ज्ञानूची बायको बाळाबाई बसली होती. इंजेक्शनं दिली आहेत, पण चावा तोंडावरचा, म्हणून काही दिवस गेल्याशिवाय डॉक्टर काही बोलत नाहीत, एवढं तिने सांगितलं. आप्पासो आत जायला लागला तशी तिने हात आडवा केला.

"झोपल्यात, भावजी."

दारातून ज्ञानूची खाट दिसत होती. अर्धं तोंड पट्टीत गुंडाळलेलं, एक डोळा मोकळा. तो डोळा उघडा होता आणि दाराकडे बघत होता. आप्पासोला पाहून ज्ञानूने मान भिंतीकडे वळवली.

"झोपू दे," आप्पासो बाळाबाईला म्हणाला. "उठला की सांग, मी हितंच हाय."

बाकावर दुसरीच माणसं बसली होती. तो भिंतीला टेकून खाली फरशीवर बसला. दुपारी बाळाबाईने चहा पुढे केला तेव्हा त्याने नको म्हणून नुसती मान हलवली.