हाराची जागा

बेळगावात अनगोळच्या रस्त्यावर भीमरत्नचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पाटी मोठी, दुकान लहान. त्या दुकानासमोर मारुतीरावांचा जुना सहाचाकी ट्रक आठवडाभर मुक्कामाला होता, आणि भीमरत्नला दुसरं काही सुचत नव्हतं.

मारुतीराव वडगावचे, घराण्याचे विणकर. माग पोरांवर सोपवून त्यांनी चार ट्रक घेतले होते. साड्या घेऊन इचलकरंजीला जायचं, सूत भरून परत यायचं. परतताना निपाणी सोडली की तवंदीचा घाट लागतो, आणि त्या चढाला हा ट्रक हमखास तापायचा. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा म्हातारा झाला होता. विजेचे पंखे बसवले की गाडी थंड राहते, असं कुणीतरी मारुतीरावांच्या डोक्यात भरवलं.

"ही एक गाडी करून दाखव," ते भीमरत्नला म्हणाले. "जमली तर बाकीच्या तिन्ही तुझ्याकडंच. न्हाई जमली तर वडगावात तुझं नाव मी सांगत बसणार न्हाय."

भीमरत्ननं कारला असले पंखे बसवले होते, ट्रकला कधीच नाही. म्हणून त्यानं कसर ठेवली नाही. रेडिएटर तीनदा मापला. बाजारातल्या दुकानदारानं चकचकीत, स्वस्त पंखे पुढे केले, ते त्यानं परत सरकवले. कारचे बारा व्होल्टचे पंखे चोवीस व्होल्टच्या ट्रकला काय कामाचे? अल्टरनेटरला भार झेपेल का, हेही त्यानं कागदावर मांडून पाहिलं. मोठी अडचण जागेची होती. मागून हवा ओढणारा पंखा चांगला, पण त्याला सहा बोटं जागा लागते, आणि रेडिएटर नि इंजिनच्या मध्ये जेमतेम चार बोटं होती. शेवटी त्यानं पातळ, पुढून हवा ढकलणारे दोन पंखे निवडले आणि रेडिएटरच्या पुढे, दर्शनी जाळीच्या मागे बसवले. जाळीच्या दोन पट्ट्या तुटलेल्या होत्या. त्यानं काय बिघडतं, असं तो स्वतःशी म्हणाला.

दाराशी खुर्ची टाकून त्याचा बाप भरमा बसलेला असायचा. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं हमाली केलेला माणूस. पोराचं दुकान झाल्यापासून हमाली सुटली होती, पण बसून राहण्याचा त्याला लई कंटाळा. तो उठून ट्रकपुढे आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "रत्ना, पंखं फुडं बसिवलास. मग हार कुठं बांधायचा?"

भीमरत्नच्या डोक्यात तिडीक गेली. "आप्पा, आपण देव सोडून किती वर्सं झाली? आजून हारच दिसतोय व्हय तुमाला?"

भरमा सरळ झाला. परत खुर्चीत जाऊन बसला.

दसऱ्याला या घरात धम्मदीक्षेचा दिवस पाळतात. खंडेनवमीला सगळं बेळगाव हत्यारं आणि गाड्या पुजत असतं, तेव्हा भीमरत्न निवांत कुणाची तरी हेडलाइट जोडत बसलेला असतो. त्यामुळं पंखे सुरू करायच्या दिवशी मारुतीराव नारळ घेऊन आले, तेव्हा तो हसून म्हणाला, "त्याची गरज न्हाय, अण्णा. फ्यूज नवा हाय." मारुतीरावांनी नारळ पिशवीत टाकला. पडलेला चेहरा मात्र काही पिशवीत जाईना.

ट्रक दोन खेपा घाट चढला. काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. मग दसरा आला, आणि दसऱ्यानंतरच्या पहिल्याच खेपेला ड्रायव्हर रवळूचा फोन आला, "गाडी तवंदीत हुबी हाय. उकळाय लागलीया."

भीमरत्ननं हत्यारांची पिशवी घेतली, मोटरसायकल काढली. भरमा न विचारता मागे बसला.

घाटात रवळूनं चाकाखाली दगड लावून ठेवला होता. मारुतीराव जीपमधून आधीच पोचले होते आणि त्यांची बोलण्याची तयारीही झाली होती. "तुमच्यात पूजाबिजा न्हाय, ठीक हाय. पर मशीनलाबी मान लागतोय गा. नारळ फोडू दिला न्हाईस. आता बघ."

भीमरत्न जाळीपुढे खाली बसला. जाळीवर झेंडूचा मोठा हार होता, सुकलेला. त्याची खालची दोन टोकं तुटक्या पट्ट्यांतून आत गेली होती. रेडिएटरवर पाकळ्यांचा थर चिकटलेला. आणि दोन्ही पंख्यांच्या दांड्यांवर, कांडीवर सूत गुंडाळावं तसा, पांढरा धागा घट्ट बसला होता. हातानं तो तुटेना. शेवटी ब्लेड लावलं.

रवळू ओशाळून म्हणाला, "जयाबाईवैनींनी ओवलाय. फुलवाल्याचा दोरा दोन दिवसांत तुटतोय म्हणून मागाचा नायलॉनचा धागा घेतला त्यांनी."

जयाबाई म्हणजे मारुतीरावांची बायको. भीमरत्न धाग्याचा गुंता मुठीत धरून उठला. उत्तर हातातच होतं: तुमच्या पूजेनंच पंखे बंद पाडले. असं उत्तर आयुष्यात एखाद्याच वेळी हाती लागतं, आणि ते देण्यासाठी त्याची जीभ शिवशिवत होती.

पण भरमा आधी बोलला. "मारुतीराव," तो म्हणाला. जन्मभर ट्रकच्या मालकाला सावकार म्हणत आलेला भरमा नावानं बोलला. "नारळाचा काय संबंध न्हाय. वैनींचीबी चूक न्हाय. हार फुडंच बांधत्यात, समद्या गाड्यांना. तीस वर्सं गाड्या भरल्या मी, बिनहाराची एक बघितली न्हाय. मी ह्येला इचारलं हुतं, हार कुठं बांधायचा. त्येनं ऐकलं न्हाय. चूक आमच्या दुकानाची हाय."

मारुतीरावांनी जाळीवरच्या हाराकडे पाहिलं.  बाप भीमरत्नला चारचौघांत उघडं पाडत होता, आणि बापाचा एकही शब्द खोटा नव्हता. त्याला लाज वाटली, मारुतीरावांपुढे नव्हे, बापापुढे. खुर्चीतला माणूस देवाविषयी बोलतोय, असं तो धरून चालला होता; तो गाडीविषयी बोलत होता.

"चूक माझी हाय, अण्णा," तो म्हणाला. गुंता त्यानं खिशात टाकला. पाकळ्या काढल्या, जळालेले फ्यूज बदलले, पाणी भरलं. पंखे फिरले. ट्रक घाट चढून गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पंख्यांपुढे बारीक तारेची जाळी बसवली. पंधरा दिवसांनी मारुतीरावांचा दुसरा ट्रक दुकानासमोर येऊन उभा राहिला. सोबत नारळही होता. भीमरत्ननं तो मुकाट्यानं फोडू दिला, फक्त बंपरपासून हातभर लांब.

मग माप घ्यायच्या आधी तो दाराशी गेला आणि बापापुढे खडू धरला. "आप्पा, हार कुठवर येतोय, तिथं खूण करा. आनि आजून काय ऱ्हायलंय, त्येबी सांगा."

भरमानं खडू घेतला, पण लगेच उठला नाही. "तीस वर्सं गाड्या भरल्या," तो म्हणाला. "गाडीतलं मला कुणी कधी इचारलं न्हाय."

मग तो उठला आणि ट्रकभोवती एक सबंध फेरी मारून पुढे आला. रेघ ओढायला त्यानं बराच वेळ घेतला. भीमरत्न मापाची टेप हातात धरून थांबून राहिला.