दादाला चालणारं फळ

चष्मेवाल्याच्या गच्चीवर गेलेला माणूस काही खाल्ल्याशिवाय खाली उतरल्याचं कुणी पाहिलेलं नाही. टाकी धुणारा असो, वायरमन असो की चुकीच्या घरात शिरलेला कुरिअरवाला, त्याच्या हातावर फळाची फोड पडायचीच आणि पाठोपाठ प्रश्न यायचा, "कसं आहे?" त्या कुरिअरवाल्याने तर नंतर पत्ता नीट वाचायची सवय लावून घेतली.

दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासायच्या, मुंगीएवढे स्क्रू पिळायचे आणि संध्याकाळी गच्चीवर जाऊन झाडांची कलमं बांधायची, हा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम. आडवे कापलेले अकरा ड्रम होते. एकाच खोडावर दोन जातींचे आंबे होते, चिकू होता, पेरू होता, आणि नऊ वर्षं नुसती पानं दाखवून त्याला झुलवत ठेवणारी एक लिची होती. लग्नाचं राहूनच गेलं होतं. जेवायला तो खालच्या मजल्यावर थोरल्या भावाकडे असायचा. ड्रममधलं मातीचं पाणी वहिनींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकायचं, तेव्हा त्या म्हणायच्या, "संसार मांडलाय भाऊजींनी झाडांशी, आणि सासुरवास मला."

थोरला भाऊ म्हणजे दादा. दादाने सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात काढली. तो बाजारात शिरला की दुकानदार आधी काटा पुसायचे, मग कपाळ. शब्दही तो मोजूनच द्यायचा. धाकट्याने पिकवलेलं प्रत्येक फळ पहिल्यांदा दादाच्या तोंडात जायचं आणि दादा निकाल सांगायचा: "ठीक", "आंबट" किंवा "गुरांना घाल". तीस वर्षांत "गोड" हा शब्द एकदाही आला नव्हता. चष्मेवाल्याला बाकी सगळं जग वाहवा म्हणत असे, पण ती वाहवा त्याला पुरत नसे. दादाने एकदा गोड म्हणावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

आणि तीन वर्षांपूर्वी दादाची मूत्रपिंडं बसली. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस सुरू झालं. फ्रिजच्या दारावर बंद पदार्थांची यादी लागली. त्यात पोटॅशियम जास्त म्हणून केळं बंद, आंबा बंद, संत्रं, चिकू, नारळपाणी, सगळंच बंद. पाणीसुद्धा रोज सकाळी बाटलीत मोजून ठेवलेलं तेवढंच. चष्मेवाला यादी वाचून वर गेला आणि आपल्या अकरा ड्रमांकडे बघत बसला. त्यातलं एकही फळ आता दादाला चालणार नव्हतं.

पण हौशी माणूस गप्प कसा बसेल? त्याने वही काढली, पेन्सिलीला टोक केलं, एकेका फळाचं पोटॅशियम शोधून लिहायला घेतलं. शंभर ग्रॅमला किती, दोन फोडींना किती. असं करत करत तो कमरखापाशी पोचला. बाजारात ज्याला स्टारफ्रूट म्हणतात, आडवं कापलं की चांदणीसारख्या चकत्या पडतात, ते हे फळ. पोटॅशियम बेताचंच. फ्रिजवरच्या यादीत नावही नाही. चष्मेवाल्याने त्या आकड्याभोवती गोल केला आणि वही मिटली. आकडा ज्या पुस्तकातून उतरवला, त्याच्या त्याच पानावर खाली आणखी दोन ओळी वाचल्या असत्या, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण त्याला एकच आकडा हवा होता आणि तो मिळाला होता.

कमरख आंबट असतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. गोड जातीचं झाड गावाबाहेर राहणाऱ्या एका निवृत्त पोस्टमनकडे होतं. चष्मेवाल्याने आंबट फळाचं बी रुजवून खुंट तयार केला, पोस्टमनकडून ओल्या फडक्यात गुंडाळून पेन्सिलीएवढी काडी आणली, तिला पाचरीसारखी धार केली, खुंट चिरून त्यात बसवली आणि सालीला साल जुळवून पट्टी आवळली. पहिलं कलम आठवड्यात काळं पडलं. दुसऱ्याला डोळे फुटले आणि उन्हाने करपले. तिसऱ्या वेळी त्याने दुकानातली भिंगाची पट्टी डोक्याला लावून काप घेतला. अठराव्या दिवशी दाण्याएवढा हिरवा कोंब दिसला, तेव्हा हा पन्नाशी उलटलेला माणूस जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरून खाली आला आणि धाप लागल्यामुळे काय सांगायचं तेच त्याला सांगता येईना.

यंदा त्या झाडाला तेरा फळं धरली. सोमवारी, दुकान बंद असतं त्या दिवशी, सकाळी दहाला त्याने पहिली दोन पिवळीधमक फळं काढली. स्वतः चाखलं नाही. खाली आला, चाकू पुसला आणि दादासमोर बशी ठेवली.

"हे काय?" दादाने विचारलं.

"कमरख. यात पोटॅशियम नाही फारसं. मी वहीत लिहिलंय सगळं. तुला चालतं."

"सिस्टरला विचारलंस?"

"यादीत नाहीच आहे ते. बघ ना फ्रिजवर."

दादाने फ्रिजकडे नाही बघितलं. एक चकती उचलली, सावकाश चावली.

"गोड आहे," दादा म्हणाला.

वहिनी ओट्यापाशी होत्या, त्या वळून बघायला लागल्या. चष्मेवाल्याला आधी खरंच वाटेना. त्याने स्वतः एक चकती तोंडात टाकली, आणि खरोखरच साखर होती. वहिनींनीही एक खाल्ली. उरलेली बशी दादाने संपवली आणि म्हणाला, "दुसरंही काप." चष्मेवाल्याने तेही कापलं. ते सगळं दादाने एकट्याने खाल्लं. चष्मेवाला वर गेला तो जमिनीपासून चार बोटं वरूनच. पिकलेली आणखी सहा फळं त्याने उतरवली आणि कापडी पिशवीत भरली. उद्या मंगळवार, डायलिसिसचा दिवस. केंद्रात दादाबरोबर आठ-दहा जण असत. बिचारे फळांना मुकलेले लोक, एकेक फोड सगळ्यांना मिळेल असा त्याने हिशेब केला.

दीडच्या सुमाराला जेवताना दादाला उचकी लागली.

"कुणीतरी आठवण काढतंय," वहिनी म्हणाल्या.

"माझी आठवण," उचकी, "काटा मारणाऱ्या दुकानदारांशिवाय कोण काढणार?"

तिघेही हसले. वहिनींनी साखरेची चिमूट दिली. पाणी जास्त देता येत नव्हतं, बाटलीत दुपारपुरतं दोन घोट उरलं होतं. त्यांनी एकेक नाव घ्यायला सुरुवात केली, मुलीचं, जावयाचं, मग थट्टेने बाजारातल्या एकेका व्यापाऱ्याचं. उचकी थांबेना. अडीच वाजले, तीन वाजले. दादाला दोनदा उलटी झाली. त्याच्या उजव्या हाताची बोटं आपोआप उडायला लागली. मग त्याने चष्मेवाल्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि विचारलं, "माझी पितळी वजनं कुठे ठेवलीत तुम्ही?"

नोकरी सुटून दादाला नऊ वर्षं झाली होती. आणि धाकट्याला तो जन्मात कधी "तुम्ही" म्हणाला नव्हता. शेजाऱ्याची गाडी मागवून त्यांनी दादाला उचलूनच दवाखान्यात नेलं.

डायलिसिस विभागातली सिस्टर दादाला ओळखत होती. डॉक्टर तपासत असताना तिने फाईल उघडली आणि वहिनींना विचारलं, "काकू, सकाळपासून काय काय खाल्लं काकांनी?"

"पोळी, दुधीची भाजी, भात. मीठ मी मोजूनच घालते."

"फळ वगैरे?"

"फळं बंदच आहेत. भाऊजींच्या गच्चीवरचं एक खाल्लं, पण ते चालणारं होतं."

"कुठलं?"

"कमरख," चष्मेवाला पुढे होऊन म्हणाला. त्याच्या आवाजात त्याही परिस्थितीत थोडा अभिमान होता. "त्यात पोटॅशियम अगदी बेताचं असतं. मी शोधून काढलंय."

सिस्टरचा हात कागदावर थांबला. "स्टारफ्रूट? किती?"

"दोन. मोठी होती."

ती वळली आणि धावत डॉक्टरांकडे गेली. पडद्याआड दोघांचं काहीतरी घाईघाईचं बोलणं झालं, कुणीतरी मशीन लावायला सांगितलं, आणि दादाची खाट धडधडत आत गेली. सिस्टर परत आली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता.

"काका, पोटॅशियमचा प्रश्न नाही. त्या फळात एक विष असतं. तुमची-आमची मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात, म्हणून आपल्याला काही होत नाही. यांच्या अंगात ते साठतं आणि मेंदूत जातं. उचकी त्याचीच. यावर झटके येतात, माणसं जातातही. वेळेत आणलंय, आता मशीनवर काय होतं ते बघायचं. अजून कुणाला दिलंय का हे?"

"उद्या इथे आणणार होतो. सगळ्यांना एकेक फोड. पिशवी भरून ठेवलीय."

सिस्टर मागच्या स्टुलावर बसली. मग तिने फाईल मिटली आणि उठून आत गेली.

तीन वर्षं चष्मेवाल्याने त्या झाडाला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. भिंग लावून, श्वास रोखून, सालीला साल जुळवून त्याने आपल्या भावासाठी विष पिकवलं होतं. आणि दहाजणांना वाटायला निघाला होता. वहिनी बाकावर बसून होत्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, बसा. पडाल." तो भिंतीला टेकून उभाच राहिला. त्या तासांमध्ये त्याला धरायला एकच गोष्ट होती: दादाला ते आवडलं होतं. दादा गोड म्हणाला होता, मागून दुसरं खाल्लं होतं. काही बरंवाईट झालंच तर निदान तेवढं सुख त्याच्या तोंडात पडलं, असं तो स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि सांगताना त्याला स्वतःचीच लाजही वाटत होती.

संध्याकाळी उचकी थांबली. मंगळवारी पुन्हा मशीन लावलं. बुधवारी सकाळी दादाने वहिनींना नावाने हाक मारली आणि आज वार कुठला ते बरोबर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, निभावलं.

चष्मेवाला आत गेला तेव्हा दादा उशीला टेकून बसला होता आणि सिस्टर त्याच्यापुढे खिमटाची वाटी धरून उभी होती.

"अळणी आहे काका, चालवून घ्या आजच्या दिवस."

"अळणी काय आणि खारट काय," दादा म्हणाला, "मला वर्षभर कशाचीच चव लागत नाही. सगळं लोखंड चाटल्यासारखं लागतं."

"होतं असं या आजारात बऱ्याच जणांना. आधी का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? ही रोज जीव लावून रांधते."

मग दादाला दारात उभा असलेला भाऊ दिसला. वाटी घेऊन सिस्टर बाजूला झाली. चष्मेवाला खाटेजवळ आला. तो काही विचारणार नव्हता, पण तोंडातून निघून गेलंच.

"म्हणजे सोमवारी पण?"

आयुष्यभर ज्याने मापात तसूभर खोट चालू दिली नाही, त्या माणसाला आता कुठे बघावं ते कळत नव्हतं.

"सोमवारी पण," तो शेवटी म्हणाला.

"मग दुसरं कशाला मागितलंस, दादा? एकावर थांबला असतास तर..."

"गोड म्हटल्यावर तुझा चेहरा बघितला मी," दादा म्हणाला. "तीस वर्षांत एकदा म्हणालो असतो, तर दुसरं मागावं लागलं नसतं."