मामा पाहिजे

दर वर्षी मे महिन्यात कुवाला सेवा क्लब झोम्बा शहरातल्या चर्चच्या दालनात आंधळ्यांना पांढऱ्या काठ्या वाटायचा. नावं पुकारायचं काम वायसन ब्वानालीकडे असायचं. भाषण कर म्हटलं की त्याची जीभ टाळूला चिकटायची, पण समोरच्या कागदावरचं वाचायला जमायचं. बाजारात त्याचं खिळे, पत्रे आणि सिमेंटचं दुकान होतं. चार मोठ्या माणसांत ऊठबस होईल म्हणून तो क्लबात शिरला होता. आंधळ्या माणसांची त्याला दया यायची. काठी हातात देऊन फोटो निघेपर्यंत ती दया पुरायची.

त्या वर्षी त्यानं फालेसीचं नाव पुकारलं. शाळेचे स्वेटर विणणारी, पंचविशीतली, ताठ मानेची मुलगी. क्लबच्या अध्यक्ष म्सिस्का बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी सवयीनं सांगितलं, "मुली, आभाराचे दोन शब्द बोल."

"काठी आहे माझ्याकडे," फालेसी म्हणाली. "मागच्या वर्षीची. अजून मोडली नाही. ही दुसऱ्या कुणाला द्या. मला मामा पाहिजे."

दालनात हशा पिकला. ती हसली नाही.

"लिंबानीशी माझं लग्न ठरलंय. अंधशाळेत शिकवतो तो, त्यालाही दिसत नाही. त्याचे मामा म्हणतात, मुलीकडून मामा येऊ दे, मग बोलू. आणि माझा मामा म्हणतो, दोन आंधळ्यांच्या लग्नात मी उभा राहणार नाही. दोन्हीकडच्या मामांनी कोंबडा-कोंबडीची अदलाबदल केल्याशिवाय त्याला लग्न कोण म्हणणार? 'आम्ही तुमच्यासाठी काय वाटेल ते करू,' असं दर वर्षी इथे ऐकते. म्हणून मागितलं."

हसणं थांबलं. औषधांच्या दुकानाचे चिसाले घड्याळ बघू लागले. पाद्रीसाहेब म्हणाले, "मला तर लग्न लावायचंय, मी कसा मामा होऊ?" बाकीच्यांना अचानक आपापले बूट न्याहाळावेसे वाटले.

"नावं पुकारतात ते कोण?" फालेसीनं विचारलं. "ते चालतील मला. माझं नाव बरोबर घेतात. बाकीचे सगळे मला फ्लोरेन्स म्हणतात."

वायसन नकाराचे शब्द जुळवत होता. ते जुळायच्या आत टाळ्या पडल्या.

घरी त्याची बायको एनेलेसी हे ऐकून पोट धरून हसली. "तुम्ही? मामा? अहो, तुमच्या स्वतःच्या लग्नात तुमच्या थोरल्या भावानं सगळं बोलून घेतलं. तुम्ही नुसते घाम पुसत होता."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे. कोट घालायचा, कोंबडी द्यायची, कोंबडा घ्यायचा."

"मामा काय एका दिवसाचा असतो? उद्या त्या दोघांचं वाजलं की ती पोरगी कुणाच्या दारात येऊन बसणार? क्लबच्या?"

वायसननं ते कानाआड केलं. पण सख्ख्या मामाला न विचारता त्याच्या जागी उभं राहणं बरं दिसलं नसतं, म्हणून रविवारी तो तिच्या मामाच्या गावी, दोमासीला गेला. दोन खरमरीत शब्द सुनवायचे असं त्यानं वाटेत ठरवलं होतं. पण मामा निघाला वाळका, कंबरेत वाकलेला, मक्याची कणसं सोलत बसलेला. त्यानं पाहुण्याला चटई दिली, पाणी दिलं.

"तिची आई गेली तेव्हा ती एवढीशी होती," तो म्हणाला. "मीच वाढवली. शाळा दूर, मध्ये ओढा. पावसाळ्यात पाठुंगळी घेऊन सोडायचो. आता तिला पोर झालं आणि ते शेगडीकडे रांगत गेलं, तर बघणार कोण? मी थकलो, बाबा. तुम्हाला उभं राहायचं तर राहा. पण काही झालं तर मला बोलवू नका, मला बघवणार नाही."

वायसन ते खरमरीत शब्द तसेच घेऊन उठला, कारण त्याच्याही मनात नेमकं हेच होतं.

परतताना तो फालेसीच्या खोलीवर गेला. ती कोळशाच्या शेगडीवर मक्याच्या पिठाची न्सिमा घोटत होती. तिचा हात निखाऱ्यांजवळ गेला की हा स्टुलावरून अर्धा उठायचा. तिसऱ्यांदा स्टूल करकरलं तेव्हा ती म्हणाली, "मामा, बसा ना एका जागी. तुम्ही घाबरलात की माझं लक्ष उडतं." आणि खरंच तिचं बोट भांड्याला लागलं. तिनं ते तोंडात घातलं.

"बघ! भाजलं ना?"

"भाजलं. मामींचं कधी भाजत नाही?"

एनेलेसीच्या मनगटावर तेलानं भाजल्याचा मोठा डाग होता. वायसन फालेसीनं वाढलेली न्सिमा सुक्या मासळीबरोबर जेवला. मीठ जास्त पडलं होतं. तसं त्यानं सांगितलं, तर ती खूश झाली. "क्लबची माणसं मला कधीच खरं सांगत नाहीत," म्हणाली. "एकदा स्वेटरची एक बाही लांब झाली होती, तरी म्सिस्का बाई वा वा करत होत्या."

मग त्यानं दोमासीच्या म्हाताऱ्याचा प्रश्न तिच्यापुढे ठेवला.

"भीती मलाही वाटते," ती म्हणाली. "लिंबानीलाही वाटते. पण वेगवेगळ्या खोल्यांत बसून घाबरण्यापेक्षा एका खोलीत बसून घाबरू, असं ठरवलंय आम्ही."

ठरल्या दिवशी लिंबानीकडची माणसं आली. त्याचे मामा बाउलेनी चिल्वा सरोवरावरचे जुने मासेमार, आवाज असा की पलीकडच्या काठावर ऐकू जावा. त्यांच्या बगलेत लाल कोंबडा होता. वायसनच्या मांडीवर कोंबडी होती आणि तिनं त्याच्या नव्या कोटाची शोभा आधीच करून ठेवली होती. दोन्हीकडची मंडळी समोरासमोर चटयांवर बसली. क्लबची माणसंही दाटीवाटीनं मागे बसली होती.

"बोलणं साफ असावं," बाउलेनी गरजले. "तुमच्या मुलीत काही खोट असेल तर आत्ताच सांगा."

वायसनला घाम फुटला. मागून म्सिस्का बाई काहीतरी कुजबुजत होत्या, ते त्याला ऐकू येईना.

"आहे," तो म्हणाला. "तिला दिसत नाही. तुमच्या मुलात?"

"त्यालाही दिसत नाही."

"मग ती फिटली. आणखी काही?"

बाउलेनींनी भाच्याकडे पाहिलं, पुन्हा वायसनकडे पाहिलं. "घोरतो," त्यांनी कबूल केलं. "होडी वाळूवरून ओढल्यासारखा."

"आमची भांडते. आणि मीठ जास्त घालते."

"मामा!" फालेसी ओरडली. मग जे हसू फुटलं त्यात बाउलेनींचा कोंबडा सुटून चिसाल्यांच्या डोक्यावर बसला. तो पकडून आणेपर्यंत दोन्हीकडची माणसं एकमेकांत मिसळली होती. पुढचं बोलणं सोपं गेलं.

वायसनला वाटलं, पार पडलं आपलं काम.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी तो दुकान उघडायला गेला, तर फालेसी पायरीवर गाठोडं घेऊन बसलेली. पोट चांगलंच दिसत होतं.

"मामा, मी आले," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्यासमोर रडली.

लिंबानीची थोरली बहीण मदतीला म्हणून येऊन राहिली होती. ती शेगडीला हात लावू देईना. भांडी रोज नव्या जागी ठेवायची. स्वतःच्या घरात फालेसीला चाचपडत पाणी शोधावं लागत होतं. "आणि काल म्हणाली, बाळ झालं की मी घेऊन जाते गावाला, तुमच्याच्यानं काय सांभाळवणार ते. लिंबानी गप्प! भिंतीसारखा गप्प!"

वायसननं तिला एनेलेसीकडे सोडलं आणि संध्याकाळी क्लबच्या बैठकीत विषय काढला. चिसाले म्हणाले, गॅसची शेगडी देऊ. कुणी म्हणालं, बाई ठेवू. म्सिस्का बाईंनी सगळ्यांना बोलू दिलं, मग चष्मा पुसत म्हणाल्या, "वायसन, हे क्लबचं काम नव्हे. मामाचं आहे. जा तुम्ही."

तो दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून चिल्व्याला गेला. बाउलेनी जाळं दुरुस्त करत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, जाळं गुंडाळलं आणि न बोलता टोपी घातली.

दोघं मामा लिंबानीच्या खोलीत बसले. फालेसी एका बाजूला, लिंबानी दुसऱ्या. बहीण दारात उभी राहून म्हणाली, "मी काय वाईट केलं? माझा भाऊ लहानपणी विहिरीत पडला होता. मीच काढला त्याला. मला झोप लागत नाही."

बाउलेनी वायसनकडे बघत राहिले. गर्जना त्यांच्याजवळ होती, पण ती सरोवरासाठी होती. तेव्हा वायसनच बोलला, हळूहळू, अडखळत.

"ताई, तुम्ही वाईट नाही केलं. मीही तिच्या शेगडीपाशी अशीच ऊठबस करत होतो. पण घर तिचं आहे. बाळंतपण होईपर्यंत तुम्ही राहा, तिला तुमची गरज आहे. मात्र भांडं जिथं ती ठेवेल तिथंच राहील. आणि बाळ तिच्यापाशी राहील." मग तो लिंबानीकडे वळला. "आणि तू रे. हे बहिणीला तू सांगायला हवं होतंस. तुला दिसत नाही, बोलता तर येतं ना?"

लिंबानीनं मान खाली घातली. मग म्हणाला, "ताई, ती पाण्याची घागर होती तिथं ठेव." एवढंच. पण बहीण डोळे पुसत उठली आणि घागर दारामागे नेऊन ठेवली.

मुलगी झाली. दोन दिवसांनी दोमासीचा म्हातारा आला. तो दारातच घुटमळला, मग आत येऊन बाळाजवळ बसून राहिला. नणंद सहा महिन्यांनी गावी गेली. पुढे सणावारी येत राहिली. पोर रांगू लागली तेव्हा फालेसीनं तिच्या पायात घुंगरू बांधलं आणि शेगडी उंच ओट्यावर ठेवली. तो ओटा वायसननंच बांधून दिला. एकदा पोरीचा हात पोळला. वायसनला तीन रात्री झोप आली नाही. फोड बरा झाला.

भांडणं मात्र सुरूच होती. वर्षातून दोनदा तरी निरोप यायचा. एकदा रेडिओवरून पेटलं. लिंबानीला बातम्या हव्या होत्या, फालेसीला गाणी. वायसन ऐन जेवणाच्या वेळी पोचला, दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, रेडिओ कुणीच लावायचा नाही.

"म्हणजे काय, मामा?" फालेसी म्हणाली.

"हे काही बरोबर नाही," लिंबानी म्हणाला. "आमच्या घरात रेडिओसुद्धा लावायचा नाही आम्ही?"

"दिवसभर विणताना मी काय भिंतीचं ऐकू?"

"तेच म्हणतोय मी. मामांना काही कळत नाही."

दोघं एका चटईवर बसून, एकमेकांचं वाक्य पुरं करत, अर्धा तास त्याला बोलत राहिले. जेवायला बसा म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. वायसन उपाशीपोटी बाहेर पडला. सायकल-टॅक्सीवाल्यानं विचारलं, "मिटलं का, ब्वानाली?"

"मिटलं," वायसन म्हणाला. "चल लवकर, भूक लागलीय."