लेफ्ट विंगची एक जागा

"वहिनी, आपली सिल्या येतेय!" प्रतापरावांचा आवाज फोनमध्ये मावत नव्हता. "फिनलंडची अख्खी नॅशनल टीम! मंगळवारी सिंगापूरच्या मुलींशी मैत्रीपूर्ण सामना, आणि त्याआधी शनिवारी संध्याकाळी जुरोंग ईस्टच्या स्टेडियमवर सराव, सगळ्यांना खुला. त्यांच्या मॅनेजरशी बोललोय मी. सराव संपला की दहा मिनिटं आपल्या अकादमीला. तुम्ही फक्त छोट्या मुलींना ओळीत उभं करा. बाकी मी बघतो."

'बाकी मी बघतो' हे प्रतापरावांचं पालुपद विनीता चौदा वर्षं ऐकत आली होती.

विनीता मूळची कोल्हापूरची. तिथं पेठापेठांचे फुटबॉल संघ असतात आणि मोठ्या सामन्याच्या दिवशी माणसं जेवायची विसरतात. भावांच्या मागे लागून ती खेळायला शिकली आणि महाराष्ट्राच्या ज्युनिअर संघातून दोन वर्षं लेफ्ट विंगला खेळलीही. मग पुण्याच्या सुबोधशी लग्न झालं, त्याला सिंगापुरात नोकरी लागली, आणि बुकित बातोकमध्ये अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये संसार सुरू झाला. नवऱ्याच्या पासवर आलेली बायको. तिला काम करायची परवानगी नव्हती. एका संध्याकाळी खालच्या शाळेच्या मैदानावरून एक बॉल रस्त्यावर आला, तो तिनं साडेतीनशे पावलं चालून परत न देता तिथूनच लाथाडला. बॉल कुंपणावरून जाऊन बरोबर प्रतापरावांच्या पायाशी पडला. मुंबईहून आलेल्या या गृहस्थांनी नुकतीच मुलींसाठी अकादमी काढली होती.

"शिकवायला या की," ते म्हणाले. "व्हॉलंटियर म्हणून हं. वर्क पास नाही, त्यामुळे कुठे नाव घालता येणार नाही."

नावाचं कुणाला काय पडलंय, असं तेव्हा विनीताला खरोखरच वाटलं होतं.

सिल्या आली ती नऊ वर्षांची असताना. वडील एका जहाज कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. उंच, पांढरीफटक पोरगी. उन्हानं लाल व्हायची आणि रडायची. डाव्या पायानं बॉलला स्पर्शही करायची नाही. विनीतानं तिच्या उजव्या पायातला बूट काढून घेतला. अनवाणी पायानं बॉल मारला की बोटं ठणकतात, मग डावा पाय आपसूक पुढे येतो. विनीताच्या थोरल्या भावानं तिला असंच शिकवलं होतं. तीन महिने सिल्या एका बुटावर खेळली, आणि तिचा डावा पाय असा काही बोलायला लागला की बघत राहावं.

त्याच गटात विनीताची लेक ऋताही होती. सिल्याच्याच वयाची, लहानखुरी, पण पाऱ्यासारखी. दोघीही लेफ्ट विंगला खेळायच्या. दोघी बारा वर्षांच्या झाल्या तेव्हा बँकॉकला तेरा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा ठरली. लेफ्ट विंगची जागा एकच होती आणि राखीव खेळाडूंतही जागा उरली नव्हती. निवड विनीतावर सोपवून प्रतापराव एवढंच म्हणाले, "जर्सी सिल्याच्या वडिलांकडून आहेत, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं? आणि वहिनी, स्वतःच्या पोरीला घेतलंत तर बाकीचे आईबाप काय म्हणतील, तेही बघा."

शनिवारी सकाळी विनीतानं मैदानावर नावं वाचली. लेफ्ट विंग, सिल्या. ऋता बुटाची नाडी बांधत होती. तिनं ती पूर्ण बांधली, आणि मग सोडली.

घरी आल्यावर विनीता तिच्याशेजारी बसली. "सिल्या तुझ्यापेक्षा चांगली खेळते, राजा. कोच म्हणून मला खरं तेच बोलायला हवं."

ऋतानं मान डोलावली. उठून स्वयंपाकघरात गेली आणि कचरा थेट तळमजल्याला टाकायच्या शूटचं झाकण उघडून दोन्ही बूट आत टाकले. अकरा मजले आदळत आपटत ते खाली गेले. त्यानंतर तिनं कधी बॉलला पाय लावला नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "मला जमत नव्हतं."

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. सिल्या पंधराव्या वर्षी मायदेशी परतली. ऋता आता विद्यापीठात शिकत होती आणि क्लेमेंटीला एका खोलीत भाड्यानं राहत होती. रविवारी जेवायला घरी यायची.

"सिल्या येतेय," विनीतानं तिला फोन केला. "शनिवारी येतेस?"

"डोंट वॉन्ट लाह," ऋता तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. मग म्हणाली, "बरं, येते. ती तुला काय म्हणते ते बघायचंय मला."

शनिवारी पाच वाजताही उकाडा मी म्हणत होता. फिनलंडच्या मुली मानेवर बर्फाचे टॉवेल टाकून मैदानात उतरल्या. विनीता वीस चिमुरड्यांना घेऊन कडेला उभी होती, ऋता मागं पायऱ्यांवर. सिल्याला ओळखायला वेळ लागला नाही. अजून तशीच लालबुंद होत होती. सराव सामना सुरू झाला. सिल्यानं डाव्या बगलेतून बॉल घेतला, एक मुलगी चुकवली, दुसरी चुकवली, आणि गोलरेषेच्या अगदी काठावरून डाव्या पायानं असा क्रॉस टाकला की विनीताच्या तोंडून "वा गं माझी वाघीण!" निघून गेलं. शेजारच्या पोरी तिच्याकडे बघायला लागल्या. पाय टेकवायची ती तऱ्हा, खांदा पाडायची ती लकब, सगळं विनीताचंच होतं. कोल्हापूरच्या मैदानातून निघालेलं काहीतरी तिकडे हेलसिंकीपर्यंत जाऊन आलं होतं. क्षणभर तिला आपला जन्म सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

सराव संपला. प्रतापरावांनी माईक हातात घेतला, सिल्याला शाल घातली. दोन वार्ताहरही त्यांनी गोळा केले होते. त्यातल्या एकीनं विचारलं, "हा डावा पाय कुठून आला?"

सिल्या हसली. इंग्रजीत म्हणाली, "इथूनच, बुकित बातोकमधून. कोच प्रतापनी माझा उजवा बूट काढून घेतला होता! तीन महिने! आमच्या संघात मी हे सगळ्यांना सांगते."

सगळे हसले. प्रतापरावही हसले आणि मान किंचित लववली. विनीता त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी मात्र नजर कॅमेऱ्यावरून हलवली नाही.

मग मुलींना पुढे न्यायची वेळ आली. सिल्या एकेकीशी हात मिळवत ओळीच्या शेवटाला आली, आणि विनीताला पाहून तिचा चेहरा उजळला.

"आंटी! तुम्ही आम्हाला संत्री द्यायचा ना? कापलेली, मीठ लावलेली!"

"हो," विनीता म्हणाली. "द्यायचे."

"रुताची आई! रुता कुठेय?"

विनीतानं मागे हात केला. ऋता पायऱ्या उतरून आली. सिल्यानं तिला मिठीच मारली. घामानं भिजलेली ती उंच मुलगी आणि कोरड्या कपड्यांतली ही लहानखुरी.

"तू खेळणं का सोडलंस?" सिल्या विचारत होती. "मला कधी कळलंच नाही. तू माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होतीस. बँकॉकची टीम सांगितली त्या दिवशी मी घरी जाऊन बाबांना विचारलं, कोचची चूक झाली का? बाबा म्हणाले, गप्प बस, जर्सी आपण दिल्यात."

तिनं हे मोकळेपणानं, लहानपणच्या गमतीसारखं सांगितलं. तेवढ्यात मॅनेजरनं हाक मारली, आणि ती हात हलवत पळाली.

मुलींना त्यांच्या आयांच्या ताब्यात देईपर्यंत ऋता थांबली, विनीताची पिशवीही तिनं उचलून घेतली. दोघी चालत एमआरटी स्टेशनवर आल्या. इथून विनीताला बुकित बातोकची गाडी धरायची होती, ऋताला क्लेमेंटीची. सरकत्या जिन्यापाशी ऋता थांबली. आईशी ती एरवी अर्धं इंग्रजी बोलायची. आता मात्र शुद्ध मराठीत म्हणाली, "आई, एकदाच विचारते. मी कमी होते?"

माणसं दोन्ही बाजूंनी वाट काढत जात होती. खोटं बोलायला विनीताला अजूनही वाव होता. सिल्या आपली भिडेखातर म्हणाली, असं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण तिला ते जमलं नाही.

"नव्हतीस," ती म्हणाली. "तू उजवी होतीस तिच्याहून. लोक म्हणाले असते, आईनं स्वतःच्या मुलीला घेतलं."

"आणि जर्सी?"

"जर्सीही."

ऋतानं खाली बघितलं. "नाही घेतलंस ते ठीक होतं गं. तसं सांगितलं असतंस ना, की लोकांना घाबरले, तर मी रडले असते आणि दुसऱ्या दिवशी खेळायला गेले असते. तू मला सांगितलंस, मी चांगली नाही. माझी आई कोच होती. मी तुझ्यावर विश्वास ठेवला."

"ऋता..."

"तिला माहीत होतं, तिच्या बाबांना माहीत होतं, प्रतापकाकांना माहीत होतं. मला एकटीला माहीत नव्हतं."

तिनं पिशवी आईच्या हातात दिली, आणि जिन्यावर उभी राहून वर निघून गेली. विनीता बघत राहिली, पण तिनं वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर विनीतानं प्रतापरावांना फोन लावला. बुटाबद्दल बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "ऋताला कळलं."

"काय कळलं?"

"बँकॉकचं."

"अहो वहिनी, किती जुनी गोष्ट! पोरं विसरतात," प्रतापराव म्हणाले. "फोटो पाहिलेत का? झकास आलेत. पुढच्या शनिवारी नव्या मुलींची निवड आहे, लवकर या."

"मी येणार नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला. पंधरा मिनिटांनी मेसेज आला: निवड नवी कोच नीलिमा करेल, तुम्ही आराम करा.

मंगळवारी संध्याकाळी सामना टीव्हीवर होता. फिनलंडनं सिंगापूरला चार गोल मारले, त्यातला एक सिल्याचा, डाव्या पायानं. यातलं सुबोधला काहीच ठाऊक नव्हतं. तो सोफ्यावरून ओरडला, "विनी, ये गं लवकर! बघ, तुझी पोरगी बघ!"

विनीता कणकेच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. पडद्यावर सिल्याला तिच्या सख्यांनी उचलून घेतलं होतं. गोल परत दाखवत होते, एकदा सरळ, एकदा संथ. तिनं दोन्ही वेळा पाहिला. गोल सुंदरच होता.

सरावाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी ऋता जेवायला आली नव्हती. परीक्षा जवळ आली आहे, असा इंग्रजीत दोन ओळींचा मेसेज आला होता. त्याच्या पुढच्या रविवारी मेसेजही आला नाही.