भरीव लाकडाचं कपाट

आमच्या ह्यांच्यापुढे प्लायवूडचं नाव काढायची सोय नाही. सुतार ना. राहण्याजोगा जुना ट्रेलर घेतला, तर त्यातलं कपाटसुद्धा भरीव लाकडाचं केलं. मी म्हटलं, "अहो, हे गाडीमागे ओढायचंय, नातवंडांना ठेवायचं नाहीये." पण ऐकतील तर शपथ.

ट्रेलर घेतला सासऱ्यांसाठी. त्यांची धाकटी बहीण दूर समुद्रकाठी अंथरुणाला खिळलीय. सासऱ्यांची पाठ अशी की थोडं बसलं की आडवं व्हावंच लागतं. वाटेत थांबत, ट्रेलरमध्ये त्यांना निजवत न्यायचं ठरलं होतं.

निघायच्या आधी सगळं सामान भरून वजनकाट्यावर गेलो. आम्ही तिघंही गाडीतच बसलेलो. काटेवाल्याने गाडीच्या कागदावरची मर्यादा पाहिली आणि मान हलवली. "सत्तर किलो जास्त. माणसंही त्यातच धरायची."

"ओढेल हो गाडी," हे म्हणाले.

"ओढेल. उतारावर थांबवेल का?"

घरी येऊन काढाकाढी सुरू झाली. पाण्याची टाकी रिकामी केली, माझी भांडी उतरली, खुर्च्या उतरल्या. तरी वजन जास्तच. कपाटाकडे मी बघितलं की हे दुसरीकडे बघायचे. रोज जेवताना तेच रडगाणं, आता काय कमी करायचं. सासरे ऐकायचे आणि अर्धं ताट ठेवून उठायचे. मी चिडायचे, "माझ्या हाताची चव गेलीय का?" तर म्हणायचे, "भूक नाही गं."

एकदा ते कमरेचा पट्टा घेऊन ह्यांच्याकडे आले. "याला अजून एक भोक पाड रे."

"बाबा, एवढे कसे वाळलात?"

"तुमचं काम हलकं करतोय. दोन-तीन किलो उतरले असतील. नाहीच जमलं तर मला घरी ठेवा. फोनवर बोलेन तिच्याशी."

हसतच म्हणाले. पण आत्याबाईंना आता फोनवर बोलता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. मला रडू आलं.

ह्यांनी पट्टा टेबलावर ठेवला आणि ट्रेलरमध्ये गेले. पेचकस फिरल्याचा आवाज आला, मग लाकूड करकरलं. मला हाक मारली. कपाटाची एक बाजू मी धरली, एक त्यांनी. धापा टाकत बाहेर आणून ठेवलं. त्यांनी दारावरून एकदा हात फिरवला.

"आत दोरी बांधू," म्हणाले. "कपडे पिशव्यांत टांगायचे."

पुन्हा काट्यावर गेलो. काटेवाला म्हणाला, "बसलं. उलट थोडी जागा उरलीय."

मी डबा उघडून मागच्या सीटवर सासऱ्यांच्या हातात दिला. "उरलेली जागा तुमची. डबा रिकामा दिसला पाहिजे."

गाडी काट्यावरून उतरायच्या आतच त्यांनी पहिला घास घेतला.