नानांनी लावलेलं प्रेशर

आमच्या घरात लाल रंगाची एक सवत आहे. दारं दोनच, पोट जमिनीला टेकलेलं आणि रत्नागिरीतल्या प्रत्येक गतिरोधकाशी तिचं वैर. विनीतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ती कोल्हापूरच्या ओमकारकडून जुनीच घेतली. ओमकार गाड्यांचा हौशी. त्याने तिला इंजिनात हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवलेला, आतलं बरंच काही बदललेलं. विनीतचं औषधांचं दुकान. गाडीतलं त्याला चालवण्यापलीकडे फारसं कळत नाही, पण प्रेम असं की मी समोरून गेले तरी त्याचं लक्ष तिच्या टायरकडे.

तिचं खरं कौतुक मात्र माझ्या सासऱ्यांना. नाना मूळचे पूर्णगडचे. सारी नोकरी जहाजावर गेली, इंजिनरूममध्ये फिटर म्हणून. निवृत्त होऊन घरी आले आणि मागोमाग कंपवात आला. उजवा हात सारखा थरथरतो. पण कामाची हौस काही जात नाही. नळ गळू दे, मिक्सर अडकू दे, नाना हत्यारांची पेटी घेऊन हजर.

त्यातून घरात एक पद्धत पडली. कोणी ठरवली नाही, आपोआप पडली. नानांनी काम करायचं, आम्ही "झकास!" म्हणायचं आणि ते आंघोळीला गेले की आमच्यापैकी कुणीतरी जाऊन ते पुन्हा करायचं. मिक्सर सासूबाईंकडे, नळ आणि कड्या माझ्याकडे. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. माणसाचं मन राहतं, आणखी काय हवं?

गेल्या महिन्यात गाडीचा रेग्युलेटर गळायला लागला. इंजिनाला पेट्रोल किती जोराने जायचं, ते हा सांभाळतो. ओमकारने नवा कुरियरने पाठवला आणि म्हणाला, "तीन बार प्रेशरवर लावायचा. कसा ते मी फोनवर सांगतो."

"मी लावतो," नाना म्हणाले. "जन्मभर दुसरं काय केलं?"

विनीत नाही कसा म्हणणार? तो दुकानात गेला. सकाळभर नाना बॉनेटमध्ये डोकं घालून आणि फोन कानाला लावून उभे होते. जेवायच्या वेळी काळे हात घेऊन आत आले. इतका फुललेला चेहरा मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"रविवारी पूर्णगडला जायचं," म्हणाले. "रघूला गाडी दाखवायची." रघू त्यांचा चुलतभाऊ.

ते आंघोळीला गेले. विनीतने हळूच गाडी सुरू केली आणि मला हाक मारली. रेग्युलेटरवरच्या दाब दाखवणाऱ्या छोट्या घड्याळात काटा तीनच्या बराच खाली होता.

"हात हलला असणार गं," तो कुजबुजला. मग नट सैल करून स्क्रू पिळला, काटा तीनवर आणला आणि वर थोडा जास्तीचा पीळ दिला. तेवढ्यात नाना टॉवेल गुंडाळून बाहेर आले.

"काय रे, आवाज कसा काय?"

"झकास, नाना!"

रविवारी निघालो. नाना पुढे ऐटीत, मी आणि सासूबाई मागच्या सीटवर, जिथे आंब्याची पेटीसुद्धा कुरकुरली असती. भाट्याचा पूल ओलांडला, चढ लागला आणि विनीतने पाय दाबला. गाडी खोकली, मागून काळा धूर निघाला, आत पेट्रोलचा वास भरला आणि ती बंदच पडली. मागचा रिक्षावाला जाता जाता विचारून गेला, "काय हो, कोळशावर चालते काय?"

गाडी कडेला काजूच्या झाडाखाली ढकलली. विनीतने थोडं लांब जाऊन ओमकारला फोन लावला आणि काटा तीनच्या वर असल्याचं सांगितलं. मीही कान लावून उभी राहिले.

"काकांनी बरोबर लावला होता," ओमकार म्हणाला. "रेग्युलेटरची हवेची बारकी नळी काढून तीनवर लावायचा आणि मग नळी जोडायची. नळी जोडली की काटा खाली येणारच, उभ्या गाडीत इंजिन हवा ओढतं ना. टर्बो दाबायला लागला की तोच काटा आपोआप वर चढतो. आता नळी असून तीनच्या वर दाखवतोय, म्हणजे नंतर कुणीतरी पिळलाय. पेट्रोल जास्त जातंय."

विनीतचा चेहरा पडला. आम्ही परत आलो, तर नाना एका चिऱ्यावर बसून आपल्या उजव्या हाताकडे बघत होते.

"पेट्रोल जास्त जातंय. माझ्याच हातून स्क्रू फिरला," ते म्हणाले. "नट आवळताना फिरला असणार. मला कळलंसुद्धा नाय." मग म्हणाले, "विनीत, हत्यारांची पेटी डिकीत हाय ना? पोचलो की रघूला देऊन टाकू. त्याच्या तरी उपयोगी पडेल."

विनीतने आईकडे पाहिलं. सासूबाईंनी हळूच मान हलवली, सांगू नकोस. त्यांचं भय मला कळलं. एक सांगितलं की बाकीचंही सांगावं लागणार होतं. पण मला रागच आला, विनीतचा, सासूबाईंचा आणि सगळ्यात जास्त माझा.

"सांग," मी म्हटलं. "नाहीतर मी सांगते."

"नाना," विनीत त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "तुमचा हात चुकला नाही. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी फिरवला."

नानांनी सावकाश विचारलं, "आणि मिक्सर?"

"मी उघडला, अहो," सासूबाई म्हणाल्या. त्यांना रडू आलं होतं.

"मोरीचा नळ?"

"मी, नाना."

"मी केल्यावर गळत होता काय गो?"

गळत होता की नव्हता, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. मी सरळ पाना घेऊन जायचे आणि करायला लागायचे. "बघितलं नाही, नाना," मी म्हटलं आणि मला मान वर करता येईना.

नाना उठले. "पेटी काढ. गाडी चालू होते काय बघ."

दोनदा धडपडून ती चालू झाली. नानांनी नळी काढली, तिच्या तोंडावर सासूबाईंना अंगठा दाबायला लावला आणि पाना नटावर धरला. हात थरथरला, पाना निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. विनीतने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते. नट सैल झाला. स्क्रू फिरवत त्यांनी काटा हळूहळू तीनवर आणला. नळी जोडल्यावर खाली उतरला.

"ह्या उतरलेल्या काट्याला घाबरलास, मेल्या?" नाना म्हणाले.

"नाही, नाना. तुमच्या हाताला घाबरलो."

"मी पण घाबरतो रे," नाना म्हणाले. इतकी वर्षं हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. डाव्या हाताने त्यांनी उजवा दाबून धरला आणि पाना विनीतपुढे केला.

"धर. नट तू आवळ. पण माझ्यासमोर आवळ."